उडीपूर्वींचे सहा तास

हिवाळ्यांत अमावास्येच्या सुमारास भंडारदऱ्याला मुक्काम पडला म्हणजे शहरांतल्या माणसाला आकाश नव्यानें दिसतें. एका अंगाला रतनगड, दुसऱ्या अंगाला कळसूबाईचें १६४६ मीटर उंचीचें शिखर, आणि मध्यें प्रवरेचें अडविलेलें पाणी. ज्या तारका मुंबईच्या दिव्यांत लोपून जातात त्या येथें डोक्यावर दाटीनें उभ्या असतात. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, हें पुस्तकांतलें वाक्य अशा काठावर आठवलें म्हणजे त्याचा अर्थ उमगतो; आणि एवढा पल्ला ओलांडणाऱ्या यानावर माणसांनीं वागावें तरी कसें, हा प्रश्न आपोआपच मनांत येतो.

मराठी घरांत ह्या प्रश्नाशीं ओळख झाली ती कथेच्या द्वारें. जयंत नारळीकरांनीं टोपणनांवानें पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ ह्या कथेला १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु कथेंत यानाचें भवितव्य लेखकाच्या हातीं असतें. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १९७७ सालीं, अमेरिकेंत मार्क मिलर ह्यांनीं ‘ट्रॅव्हलर’ नांवाचा एक खेळ प्रसिद्ध केला. त्यांत यानाचें भवितव्य यानावरच्या माणसांच्या हातीं असतें.

ह्या खेळाला पट लागत नाहीं कीं सोंगट्या लागत नाहींत. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो आणि तें पात्र काय करील तें तोंडानें सांगतो. एक जण पंच होतो. बाकीचें सारें जग त्यानें चालवावयाचें. जेथें संशय असेल तेथें दोन फांसे टाकावयाचे आणि दान पडेल तो निकाल मानावयाचा. संहिता नसलेलें नाटक म्हटलें तरी चालेल.

खेळणाऱ्यांच्या वांट्याला पुष्कळदां येतें तें दोनशें टनांचें एक लहानसें व्यापारी यान. त्यावर चार माणसें हवींत : चालक, यंत्रज्ञ, वैद्य आणि उतारूंची व्यवस्था पाहणारा कारभारी. कोकणच्या गलबतावर तांडेलाचें काम खलाशी करीत नाहीं, तशी येथेंहि कामें वांटलेलीं आहेत. वेतनें पाहिलीं तर चालकाला दरमहा सहा हजार आणि वैद्याला दोन हजार. नियमकर्त्यानें वैद्याची किंमत फारच कमी केली असें कोणालाहि वाटेल, आणि त्याचें प्रत्यंतर पुढें येतेंच.

एका ताऱ्याहून दुसऱ्याकडे जाण्यासाठीं यान ‘उडी’ घेतें. ह्या लहान यानाची उडी एका पार्सेकची, म्हणजे सुमारें सव्वातीन प्रकाशवर्षांची. उडी अर्थात् काल्पनिक आहे. तिच्याभोंवतींचा हिशोब मात्र चोख आहे. यान ग्रहापासून त्याच्या शंभर व्यासांइतकें दूर गेलें पाहिजे. पृथ्वीच्या बाबतींत हें अंतर पावणेतेरा लाख किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या अंतराच्या तिपटीहून अधिक भरतें. पृथ्वीच्या गुरुत्वाइतक्या वेगवृद्धीनें निम्मी वाट वेग वाढवीत आणि निम्मी वाट वेग आवरीत गेल्यास तेथवर पोंचावयाला सव्वासहा तास लागतात. करावयाचें तें ह्याच तासांत करून घ्यावयाचें. कारण उडी घेतल्यावर सुमारें एक आठवडा बाहेरच्या जगाशीं कसलाहि संबंध राहत नाहीं.

इंधनाचीच गोष्ट घ्यावी. इंधन म्हणजे द्रवरूप हैड्रोजन. तो बंदरावर शुद्ध स्वरूपांत विकत मिळतो, किंवा एखाद्या जलाशयांत उतरून पाण्यांतून फुकट काढतां येतो. एका उडीला वीस टन हैड्रोजन लागतो आणि पाण्याच्या वजनाचा नववा हिस्सा हैड्रोजन असतो. तेव्हां एकशेंऐंशी टन पाणी पुरतें. भंडारदऱ्याच्या जलाशयांत सुमारें एकतीस कोटि घनमीटर पाणी मावतें. असें यान येथें रात्रीं उतरून पहांटे निघून गेलें तर काठावरच्या खुणेला पत्ता लागावयाचा नाहीं. पण फुकटचें इंधन अशुद्ध असतें.

अशुद्धतेचें फळ १९८१ च्या सुधारलेल्या नियमपुस्तकांत पाहावयास मिळतें. उडी चुकली कीं नाहीं हें ठरविण्यासाठीं फांसे टाकावयाचे, आणि बेरीज तेरा वा अधिक आली तर उडी चुकली. आतां दोन फांशांची बेरीज बारांच्या वर जातच नाहीं ! जो दल नियमानें वागला त्याची उडी नुसत्या दैवानें कधींच चुकत नाहीं. इंधन अशुद्ध असलें कीं बेरजेंत गुण वाढतो. शंभर व्यासांच्या आंतून घाईनें उडी घेतली कीं पांच गुण वाढतात. दहा व्यासांच्या आंतून घेतली तर फांसे पाहावयाचेंहि कारण उरत नाहीं. आणि चुकलेली उडी यानाला भलत्याच दिशेला, कदाचित् छत्तीस पार्सेक दूर, नेऊन टाकते. फांशांच्या खेळांत दैवाला इतकें हद्दीबाहेर ठेवणारा नियम विरळाच.

भंडारदऱ्याच्या धरणालाहि असाच एक प्रसंग आला होता. १९२६ सालीं पुरें झालेल्या ह्या दगडी धरणाला १९६९ सालीं तडे आढळले व पाझर वाढला. पुढें मागील अंगानें आधारभिंती बांधून तें बळकट करण्यांत आलें. धरणावरचा पाझर रोज मोजून वहींत मांडणें हें काम दिसावयास कंटाळवाणें आहे. यानावरच्या यंत्रज्ञाच्या नोंदवहीचेंहि तसेंच.

प्रत्यक्ष अवकाशप्रवासांत अद्याप अशी निःशब्दता दीर्घकाळ कोणाच्या वांट्याला आलेली नाहीं. १९७० च्या एप्रिलांत अपोलो १३ वरील प्राणवायूची टांकी फुटली, तेव्हां कोणतें काम कोणत्या क्रमानें करावें हें पृथ्वीवरच्या मंडळींनीं बसवून तिघा यात्रिकांना वाचून दाखविलें. मंगळाच्या वाटेवर तीच सूचना पोंचण्यास बावीस मिनिटेंपर्यंत लागूं शकतील. खेळांतल्या आठवड्यांत ती पोंचतच नाहीं.

तो आठवडा कारभाऱ्याला उतारूंच्या तक्रारींत आणि यंत्रज्ञाला यंत्रघरांत काढावा लागतो. वैद्याचें खरें काम मुक्कामाला पोंचल्यावर. कमी भाड्याचे उतारू, ह्या यानावर वीसपर्यंत, गोठनिद्रेंत निजवून आणलेले असतात. प्रत्येकाला जागें करतांना फांसे टाकावयाचे. पांच वा अधिक पडले तर तो जगला. म्हणजे सहांतला एक मरावयाचा, वीसांतले तीनचार. शेजारीं निष्णात वैद्य असला तर दानांत एक गुण मिळतो आणि मरणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येते. किती जण जगतील ह्यावर ते उतारू निजण्यापूर्वीं आपसांत सोडत लावतात, असाहि एक रिवाज नियमपुस्तकांत नोंदलेला आहे. 

कित्येक मंडळी खर्च वांचविण्यासाठीं निष्णात वैद्य न घेतां निघतात. वीस पेट्या उघडावयाच्या वेळीं पंच फांसे पुढें करतो आणि विचारतो, पेटीजवळ कोण उभें आहे ?