निस्तार : महसुली दप्तरातील एक शब्द



‘हे आता कोण निस्तरणार?’ असे आपण वैतागून म्हणतो. त्याच कुळातील ‘निस्तार’ हा शब्द महसुली कायद्यात मात्र निराळ्या अर्थाने नांदतो. गावच्या पडीक जमिनीवर गुरे चारणे, सरपण आणणे, घरदुरुस्तीपुरते लाकूड घेणे, तळ्याचे पाणी वापरणे, या गावकऱ्यांच्या रूढ हक्काला निस्तार म्हणतात. हा हक्क घरच्या गरजेपुरता असतो, व्यापारासाठी नव्हे. इथल्या हिंदी वृत्तपत्रांतील ‘निस्तारण’ म्हणजे निकाल लावणे. त्याच्याशी याची गल्लत करू नये. पावर हाउसला वाढलेल्या मुलांना ‘निस्तारी तालाब’ हे शब्द सांगावे लागत नाहीत. आंघोळीधुण्याचे तळे ते!

जुन्या मध्यप्रांतात दुर्ग, भंडारा, चांदा हे जिल्हे एकाच राज्यात होते. गाव मालगुजाराचे असले, तरी रयतेच्या वहिवाटी ‘वाजिब-उल-अर्ज’ या दस्तात नोंदल्या जात. १९५१ मध्ये मालगुजारी संपली. पडीक जमिनी आणि रान सरकारकडे आले. १९५६ मध्ये विदर्भ वेगळा झाला, पण शब्द दोन्हीकडे राहिला. मध्यप्रदेशच्या १९५९ च्या संहितेत, म्हणजे आज छत्तीसगडातही, कलम २३४ मध्ये ‘निस्तारपत्रक’ आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेत ते कलम १६१ मध्ये आहे. आपल्यापैकी अनेकांचे आजोळ आणि आपले भिलाई यांना जोडणारा हा धागा कायद्याने जपला, याचे मला कौतुक वाटते.

सरकारी पडीक जमिनीवरील हक्क निस्तारपत्रकात येतात. खाजगी जमिनीतील वा पाण्यातील वाट, सिंचन, मासेमारी यांच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये. हा भेद महत्त्वाचा आहे. शहर वाढते, तळे बुजते, भूखंड विकले जातात. खरेदीखतात मालकाचे नाव असते; त्या तळ्यावर धुणे धुणाऱ्या बाईचे नसते. तिच्या वापराची नोंद शोधायची ती या दोन कागदांत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने सामुदायिक हक्क सांगताना ‘निस्तार’ हाच शब्द वापरला. त्याच कायद्याखाली गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला.

तेव्हा गावी गेलात, की इकडे पटवाऱ्याकडे, तिकडे तलाठ्याकडे निस्तारपत्रक मागा, आणि आपले तळे त्यात आहे का, ते पाहा.