चित्रांमागचे आंकडे

1965 सालच्या जुलै महिन्यांत 'मॅरिनर 4' हें अमेरिकेचें यान मंगळाजवळून गेलें, आणि जातां जातां त्यानें त्या ग्रहाचीं एकवीस चित्रें व बाविसाव्याचा कांहीं भाग टिपून घेतला. हीं चित्रें पृथ्वीवर आलीं तीं मात्र आंकड्यांच्या रूपानें आलीं. प्रत्येक चित्राचे आडवे 200 व उभे 200, असे 40,000 बिंदु पाडलेले होते. प्रत्येक बिंदूच्या उजेडाची प्रत 0 पासून 63 पर्यंतच्या एका आंकड्यानें दर्शविली होती. आणि हे आंकडे रेडिओलहरींवरून इतक्या सावकाश येत होते कीं, एका चित्राला आठ तासांहून अधिक वेळ लागे. कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीमधील तंत्रज्ञांना, यंत्र चित्र तयार करीपर्यंत धीर धरवेना. त्यांनीं आंकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारीं शेजारीं चिकटविल्या, कोणत्या आंकड्याला कोणता रंग हें ठरविलें, आणि रंगीत खडूंनीं एकेक जागा भरीत मंगळाचें तें पहिलें चित्र हातानें रंगविलें.

ज्या विद्येस आज अंकीय प्रतिमाप्रक्रिया म्हणतात, तिचें मूळ तत्त्व या प्रसंगांत स्पष्ट दिसतें. यंत्राच्या लेखीं चित्र म्हणजे आंकड्यांचें एक कोष्टक होय. त्यांतील एकेका घराला पिक्सेल अथवा चित्रबिंदु असें नांव आहे. कृष्णधवल चित्रांत सामान्यतः 0 म्हणजे निव्वळ काळोख, 255 म्हणजे पूर्ण शुभ्रता, आणि मधले आंकडे म्हणजे करड्या रंगाच्या चढत्या छटा. रंगीत चित्रांत प्रत्येक बिंदूस तांबडा, हिरवा व निळा यांचे मिळून तीन आंकडे लागतात. चलच्चित्र म्हणजे अशींच कोष्टकें, एका सेकंदाला चोवीस किंवा पंचवीस या वेगानें डोळ्यांपुढून जाणारीं. कोष्टकांतील आंकडे बदलले कीं चित्र बदलतें. हे आंकडे बदलणें संगणकाला अगदीं सोपें आहे. कोणते बदलावे आणि कोणते बदलूं नयेत हें ओळखणें हाच या विद्येंतील अवघड भाग होय.

ही विद्या शिकावयाची तर पूर्वीं मोठ्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत प्रवेश मिळवावा लागे. तो अडसर आतां पुष्कळ अंशीं दूर झाला आहे. त्या वेळीं अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत प्राध्यापक असलेले, मूळचे उरुग्वे देशाचे गिलेर्मो सापिरो यांनीं 2013 सालीं 'कोर्सेरा' या संस्थेमार्फत या विषयाचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. 'मंगळापासून हॉलिवूडपर्यंत, वाटेंत रुग्णालयाचा मुक्काम' अशा अर्थाचें त्याचें नांव होतें. नांव गमतीचें असलें तरी पोकळ नव्हतें. चित्रांतील एकहि आंकडा न गमावतां तें थोड्या जागेंत मावविण्याची 'लोको' नांवाची जी पद्धति आहे, तिच्या जनकांपैकीं सापिरो हे एक. आणि 2004 सालीं मंगळावर उतरलेल्या दोन फिरत्या यानांत त्या पद्धतीचाच एक प्रकार योजलेला होता. आपल्याकडे आय. आय. टी. व भारतीय विज्ञान संस्था यांनीं 2003 सालीं 'एनपीटेल' हा उपक्रम सुरू केला. त्यांत खरगपूरच्या आय. आय. टी.चे प्राध्यापक प्रबीरकुमार बिस्वास यांचीं याच विषयावरील व्याख्यानें आहेत. लहान गांवच्या विद्यार्थ्यालाहि घरीं बसून तीं ऐकतां येतात.

ऐकतां येतात हें खरें. परंतु येथेंच विद्यार्थ्यानें सावध राहिलें पाहिजे. वर्गांत एखाद्या मुलाचा चेहरा कोरा दिसला, तर शिक्षक थबकतो आणि तेंच पुन्हां निराळ्या शब्दांत सांगतो. पडद्यावरच्या शिक्षकास समोरचा चेहरा दिसत नाहीं. व्याख्यान हवें तेथें थांबवितां येतें, मागें नेतां येतें, दहा वेळां ऐकतां येतें. आणि दहा वेळां ऐकलेलें आपणांस समजलेंच आहे, असा गोड भ्रम होऊं लागतो. मधून मधून विचारलेल्या प्रश्नांचीं उत्तरें यंत्र तपासतें, पण उत्तर बरोबर आलें तें विचारानें कीं अंदाजानें, हें यंत्राला कळत नाहीं. एकलव्यापुढें द्रोणाचार्यांची मातीची प्रतिमा होती. तिनें त्याला एक शब्दहि सांगितला नाहीं. येथें गुरु बोलतो एवढें अधिक आहे. तथापि एकलव्याला जो सराव करावा लागला, तो या विद्यार्थ्यालाहि चुकत नाहीं.

आणि हा सराव आरंभीं संगणकाशिवायहि करतां येतो. कागदावर तीन ओळी व तीन स्तंभ यांचें एक लहानसें कोष्टक मांडावें. पहिल्या ओळींत 52, 54, 53; दुसरींत 55, 255, 54; तिसरींत 52, 53, 56. सगळे आंकडे पन्नाशीच्या आसपास, आणि मध्येंच एक 255. काळसर भिंतीच्या चित्रावर एक पांढरा ठिपका पडावा तसा हा प्रकार आहे. रेडिओंत जशी खरखर येते, तशी चित्रांतहि येते, आणि ती घालविणें हा या विषयांतील पहिल्या धड्यांपैकीं एक असतो. नऊ आंकड्यांची सरासरी काढली तर बेरीज 684 व सरासरी 76 येते. ठिपका फिका झाला. पण हा 76 आजूबाजूच्या कोणत्याच आंकड्याशीं जुळत नाहीं, म्हणजे डाग पुसण्याऐवजीं पसरला. आतां तेच नऊ आंकडे चढत्या क्रमानें लावावे आणि बरोबर मधला, म्हणजे पांचवा, उचलावा. तो 54 येतो. 255 शेवटीं ढकलला गेला आणि त्याचा उपद्रव संपला. यासच मध्यक म्हणतात. शाळेच्या संख्याशास्त्रांतील सरासरी व मध्यक यांतील भेद ज्यानें केवळ गुणांसाठीं पाठ केला होता, त्याला तो येथें डोळ्यांनीं दिसतो.

परंतु धडा येथें पुरा होत नाहीं. हेंच कोष्टक भिंतीच्या चित्राचें नसून एखाद्या स्त्रीच्या स्तनाच्या क्ष-किरण चित्राचें आहे असें समजावें. अशा चित्रांत चुन्याचे अतिसूक्ष्म पांढरे कण कधीं कधीं दिसतात, आणि त्यांतील कांहीं मांडणी कर्करोगाचें आरंभीचें चिन्ह असूं शकते. मध्यकाच्या नियमाला हें कोठून ठाऊक असणार? त्यानें भिंतीवरचा डाग ज्या सफाईनें पुसला, त्याच सफाईनें तो हा कणहि पुसून टाकील. चित्र अधिक स्वच्छ दिसेल, आणि डॉक्टरांस जें दिसावयास हवें होतें तेंच नाहींसें झालेलें असेल. आंकडा तोच, क्रिया तीच. एके ठिकाणीं ती उपकारक व दुसऱ्या ठिकाणीं घातक. हा विवेक कोणत्याहि सूत्रांत लिहिलेला नसतो. चित्र कशाचें आहे आणि तें कोण कशासाठीं पाहणार आहे, हें विचारल्यावांचून त्यास हात लावूं नये, हा खरा धडा होय.

टाकून देणें हाहि या विद्येचा एक मोठा विभाग आहे. आडवे 1920 व उभे 1080 बिंदु असलेल्या एका रंगीत चित्रास 62,20,800 आंकडे लागतात. सेकंदाला अशीं पंचवीस चित्रें धरलीं, तर केवळ एका सेकंदाचे आंकडे साडेपंधरा कोटींच्या वर जातात. एवढें ओझें जसेंच्या तसें कोणत्याहि तारेवरून घरोघर नेणें परवडणारें नाहीं. यावर उपाय सांपडला तो गणितांत. बेंगळूर येथें जन्मलेले नासिर अहमद यांनीं टी. नटराजन व के. आर. राव या सहकाऱ्यांसह 1974 सालीं 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' ही पद्धति प्रसिद्ध केली. पुढें 1992 च्या 'जेपेग' या चित्रमानकांत तीच पायाभूत ठरली. चित्राचे 64 बिंदूंचे चौकोन पाडावयाचे. प्रत्येक चौकोनांतील ठळक चढउतार व बारीक चढउतार निरनिराळे मोजावयाचे. आणि बारीक चढउतार माणसाच्या डोळ्याला फारसे जाणवत नाहींत म्हणून ते ढोबळ मापानें लिहावयाचे किंवा अजीबात सोडून द्यावयाचे. चलच्चित्रांत आणखी एक युक्ति योजतात. मागच्या चित्रांतील कोणता चौकोन किती सरकला तेवढेंच सांगावयाचें, आणि उरलेला किरकोळ फरक तेवढा पाठवावयाचा. यामुळें ओझें पुष्कळ पटींनीं हलकें होतें. मात्र ढोबळ करून जें एकदां टाकलें तें परत मिळत नाहीं, ही गोष्ट विद्यार्थ्यानें स्वतः पडताळून पाहावी. एकच छायाचित्र निरनिराळ्या प्रमाणांत आकुंचित करावें, मूळ चित्रांतून तें वजा करावें, आणि राहिलेली बाकी पडद्यावर पाहावी. काय गमावलें तें त्या बाकींत उमटतें.

याच्या उलट बाजूस, जें नाहीं तें भरून काढण्याची कला आहे. 2000 सालीं सापिरो व त्यांचे तीन सहकारी, बर्ताल्मिओ, कासेयेस व बायेस्तेर, यांनीं फाटलेल्या वा ओरखडलेल्या चित्राची उणी जागा संगणकाकडून भरून घेण्याची एक रीत मांडली. संग्रहालयांत जुनीं रंगचित्रें दुरुस्त करणारे कारागीर कडेच्या रेषा हळूहळू आंत ओढीत नेतात. त्यांचेंच अनुकरण या रीतींत होतें. जुन्या चित्रपटांच्या बाबतींत तर अधिक भक्कम आधार मिळतो. एका चित्रावर ओरखडा असला, तरी त्याच्या मागच्या व पुढच्या चित्रांत तीच जागा बहुधा शाबूत असते. म्हणजे शेजारची साक्ष काढून उणीव भरतां येते. पुण्यास 1964 मध्यें स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानें जो ठेवा जपला, त्याच्या पुनरुज्जीवनास अशाच रीती उपयोगीं पडतात. परंतु दादासाहेब फाळके यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज उपलब्ध नाहीं. आणि जीं रिळें गेलीं तीं कोणतेंहि सूत्र परत आणूं शकत नाहीं. तेथें संगणकानें कांहीं रचून दिलें, तरी तें फाळक्यांचें असणार नाहीं. ओरखडा भरणें आणि प्रसंग रचणें यांतील सीमा शिकणाऱ्यास आरंभींच कळली पाहिजे; कारण रचलेलीं चित्रें आज क्षणांत लाखों लोकांपर्यंत जातात, आणि पाहणाऱ्याचा डोळा त्यांवर सहज विश्वास ठेवतो.

म्हणून असा अभ्यासक्रम हातीं घेणाऱ्यानें तीन नेम पाळावे. मूळ चित्र कधींहि पुसूं नये. प्रत्येक प्रयोग त्याच्या प्रतीवर करावा. काय केलें, कोणत्या क्रमानें केलें व कोणतें माप धरलें, हें वहींत तारखेसह लिहावें, म्हणजे दुसऱ्यासहि तें करून पाहतां येईल. आणि जें संगणकाकडून करून घ्यावयाचें, तें आधीं एकदां लहान कोष्टकावर हातानें करावें. यासाठीं लागणारीं साधनें विनामूल्य मिळतात, आणि गणित बहुतेक शाळेच्या शेवटच्या व महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षांतलें असतें. व्याख्यानें इंग्रजींत असलीं, तर प्रत्येक नव्या कल्पनेचा अर्थ वहींत मराठींत दोन वाक्यांत लिहून पाहावा. तो लिहितां आला नाहीं, तर तें व्याख्यान पुन्हां ऐकावें. अभ्यासक्रमाच्या शेवटीं एक प्रमाणपत्र मिळतें. तें जपून ठेवण्यास हरकत नाहीं. पण उद्यां एखाद्या रुग्णालयांत, न्यायालयांत वा वृत्तपत्राच्या कचेरींत कोणी एखादें चित्र पुढें करून 'यांत काय काय बदललें आहे?' असें विचारील, तेव्हां प्रमाणिक उत्तर देण्यास उपयोगीं पडेल ती ही वहीच.