झाड तोडायला माणूस मिळतो, राखायला मिळत नाही

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय ठरला होता 'आयटी क्षेत्रातील संधी'. मी होही म्हटलं होतं. पण मे महिन्यात आईकडे आले असताना एक प्रसंग घडला आणि मी विषय बदलून मागितला. आज मी झाडांची निगा राखण्याच्या व्यवसायाबद्दल बोलणार आहे.

इंजिनिअरिंगची पदवी घेतलेल्या बाईचा झाडांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध आहे. मध्यंतरी दोन वर्षं मी वृक्षगणनेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. दर पाच वर्षांनी झाडं मोजावीत असं तो सांगतो. पूर्वी हे काम वहीवर व्हायचं, आता मोबाइलवर होतं. माणूस झाडापाशी उभा राहतो, जात लिहितो, खोडाचा घेर मोजतो, उंची अंदाजे टाकतो, फोटो काढतो. नकाशावर एक हिरवा ठिपका उमटतो. ते ठिपके उमटवणारा प्रोग्राम आमचा.

त्यात एक रकाना होता, 'प्रकृती'. चांगली, मध्यम, वाईट. 'वाईट' निवडलं की ठिपका लाल व्हायचा. एकदा मी बैठकीत विचारलं, "लाल झाल्यावर पुढे काय?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. पुढे काहीच नव्हतं. आम्ही पुढची पायरी लिहिली नव्हती, कारण कोणी मागितलीच नव्हती. लाल ठिपक्याच्या झाडाकडे पाठवायचं कोणाला? त्या कामाला माणूसच नेमलेला नव्हता.

तो प्रश्न डोक्यात राहिला होता. त्याचं उत्तर मला मे महिन्यात आईच्या अंगणात भेटलं.

आमच्या आंब्याची एक जाड फांदी शेजाऱ्यांच्या पत्र्यावर गेली होती. पावसाआधी काढायला हवी होती. नगरपालिकेचा परवानगीचा कागद हातात आला, आंबे उतरवून झाले, आणि आईने झाडं तोडणाऱ्याला निरोप धाडला. सकाळी एक माणूस आला. खांद्यावर दोर, हातात कोयता, सोबत एक पोरगा. मला म्हणाला, "ताई, कुठलं झाड?" मी फांदी दाखवली. त्याने फांदीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "तू पहिल्या बाकावरची ना?"

तो आपल्याच वर्गातला निघाला. नाव सांगू नको म्हणालाय, म्हणून सांगत नाही. पण मधल्या सुट्टीत शाळेच्या चिंचेवर सगळ्यात वर कोण चढायचं, हे आठवलं की तुम्ही ओळखाल. आपण खाली फ्रॉकची ओटी करून उभ्या असायचो. त्याबद्दल छड्या मात्र त्यानेच खाल्ल्या. सर, तुम्हालाही आठवत असेल.

दहावीनंतर तो शिकला नाही. पंचवीस वर्षं झाडांवर चढतोय. कमरेला पट्टा नाही, डोक्याला हेल्मेट नाही. मध्ये एकदा सुरूवरून पडला, पायात रॉड घातलाय. चार महिने घरी होता. ते पैसे बायकोच्या दागिन्यांतून गेले. विमा नाही. कोणी काढायला सांगितला नाही आणि त्यानेही कधी चौकशी केली नाही.

चहा पिताना मी विचारलं, "फांदी काढायचे किती घेतोस, आणि अख्खं झाड पाडायचे किती?" त्याने जे सांगितलं ते मी आजवर कुठल्या अहवालात वाचलं नव्हतं. तो म्हणाला, "फांदीला मजुरी मिळते. झाडाला लाकूड मिळतं. लाकूड वखारीत गेलं की चार पैसे सुटतात. फांदीत काय सुटतं? चढायचं तेवढंच, जीव तेवढाच."

मंडळी, हे नीट समजून घ्या. झाडाला हात लावणाऱ्या माणसाची कमाई झाड जितकं जास्त कापलं जाईल तितकी वाढते. मग तो सल्ला कोणता देईल? 'राहू द्या, नुसती वाळकी फांदी काढू' असं म्हणणारा माणूस त्या दिवशी स्वतःचं नुकसान करून घेतो. आपण ओरडतो की झाडं तोडणारे लोक निर्दय आहेत. ते निर्दय नाहीत, आपणच त्यांना राखण्याचे पैसे देत नाही. आमच्या धंद्यातही हेच आहे. नवीन प्रोग्राम लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, जुना सांभाळणाऱ्याकडे कोणी बघत नाही. पण तो प्रोग्राम जुन्याला सांभाळणाऱ्यामुळेच चालतो.

आता कामाबद्दल. त्याने फांदी कापायला घेतली तेव्हा आधी खालच्या बाजूने थोडी चीर दिली, मग जरा पुढे सरकून वरून कापली. मी विचारलं, असं का? म्हणाला, "वरूनच कापली तर पडताना खोडाची साल सोलत येते." ही रीत जगभर शिकवतात. त्याला ती कोणी शिकवली नव्हती, अनुभवाने आली होती. पण उरलेला खुंट त्याने खोडाला अगदी घासून कापायला घेतला, आणि मी त्याला थांबवलं.

वृक्षगणनेच्या कामामुळे मी थोडं वाचलं होतं. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर वळी असते. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कशी पसरते ते पाहिलं. १९७७ साली त्यांनी मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालतं आणि बाहेरून नवीन लाकूड वाढवून तो भाग झाकतं. त्या भिंतीची तयारी त्या वळीत असते. वळी कापली तर झाडाचा दरवाजाच काढून टाकल्यासारखं होतं. खुंट लांब ठेवला तर तो कुजतो. वळीच्या जरा बाहेर कापायचं, एवढंच. वरून डांबर किंवा रंग फासून कूज थांबत नाही.

मी मोबाइलवर चित्र दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं कापत होतो?"

मला काही बोलता येईना. मग मी सांगितलं की शायगोंच्या आधी जगातली पुस्तकंसुद्धा घासूनच कापायला सांगायची. चूक त्याची एकट्याची नव्हती. पण पुस्तकं बदलून चाळीस वर्षं होऊन गेली, आणि ती बातमी आपल्या गावातल्या झाडावर चढणाऱ्या माणसापर्यंत पोचली नाही. ही चूक मात्र त्याची नाही.

इतर ठिकाणी काय आहे? अमेरिकेत या व्यवसायाची संघटना १९२४ पासून आहे. अनुभव दाखवून परीक्षा द्यावी लागते आणि दर तीन वर्षांनी प्रमाणपत्र नवं करावं लागतं. जपानमध्ये १९९१ पासून झाडांच्या डॉक्टरांना रीतसर मान्यता मिळते, त्यांना 'जुमोकुई' म्हणतात. पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते केरळचं उदाहरण. कोकणात आपण ऐकतो तीच तक्रार तिथेही होती, नारळ पाडायला माणूस मिळत नाही. २०११ मध्ये नारळ विकास मंडळाने 'नारळवृक्षाचे मित्र' नावाने प्रशिक्षण सुरू केलं. चढायचं यंत्र, शिक्षण आणि विमा. त्यात बायकाही शिकल्या. जे काम घरंदाज माणूस मुलाला सांगत नव्हता, त्याला नाव मिळालं.

आता मुलांसाठी, म्हणजे मागे उभ्या असलेल्या दहावीच्या वर्गासाठी. तुम्ही मला विचारणार होतात की एआय आल्यावर नोकऱ्या राहतील का. प्रामाणिकपणे सांगते, मी लिहिते त्यातला बराचसा कोड आज यंत्र लिहून देतं. झाडांच्या क्षेत्रातही यंत्रं आली आहेत. खोडाभोवती खिळे लावून ध्वनिलहरींनी आतली पोकळी शोधता येते. ड्रोनने शेंडा बघता येतो. पण पोकळी सापडली तरी झाड ठेवायचं की काढायचं हे झाडाखाली कोण बसतं, वारा कुठून येतो, मुळं कुठे तुटली आहेत, हे सगळं बघून माणसालाच ठरवावं लागतं. आणि ठरवल्यावर वर चढावं लागतं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईत शेकडो झाडं पडली. वादळं कमी होणार नाहीत, शहरं वाढणार आहेत, रस्त्यांखाली केबल पडणार आहेत. त्याच कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांपुढची झाडं 'हेरिटेज' ठरली. ही झाडं तपासायची कोणी? जीवशास्त्र, थोडं गणित, मजबूत हातपाय आणि उंचीची भीती नसणं, हे ज्याच्याकडे आहे त्याला पुढे काम कमी पडणार नाही. अट एकच, आपण त्याला 'झाडतोड्या' म्हणणं बंद केलं पाहिजे.

शेवटचा मुद्दा, आणि यासाठीच मी इथे उभी आहे.

आपल्या चिंचेची एक फांदी गेल्या पावसाळ्यात पडली. रविवार होता म्हणून कोणाला लागलं नाही. तेव्हापासून झाड काढून टाकायचं बोलणं चालू आहे. मी काल जाऊन बघितलं. पेव्हिंग ब्लॉक थेट खोडाला भिडलेत. झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात, त्यांना हवा-पाणी लागतं. दिल्लीत २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने झाडाभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याचसाठी. ब्लॉक बसवले तेव्हा हेतू चांगला होता, चिखल होऊ नये म्हणून. माझी कोणावर टीका नाही.

आणि मी भावनेच्या भरात बोलत नाही. त्या झाडाखाली तीनशे मुलं डबा खातात. जाणकाराने तपासून सांगितलं की झाड धोक्याचं आहे, तर ते काढा असं मीच पहिली म्हणेन. पण तपासल्याशिवाय काढू नका, आणि तपासल्याशिवाय ठेवूही नका.

आपल्या बॅचने प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी निधी जमवलाय. माझी विनंती आहे की कमान थोडी लहान करू. उरलेल्या पैशांतून तीन गोष्टी करू. एक, चिंचेभोवतीचे ब्लॉक उचलू. दोन, दरवर्षी पावसाआधी जाणकाराकडून झाडाची तपासणी करून घेऊ आणि त्याचा कागद शाळेत ठेवू. तीन, आपल्या वर्गमित्राला चढायचा पट्टा, दोर, हेल्मेट घेऊ, त्याच्या अपघात विम्याचा हप्ता भरू, आणि त्याला हे शास्त्र शिकायला पाठवू. ही मदत नाही. त्या झाडाच्या छाटणीचं काम तोच करेल, आणि त्याला मजुरी लाकडात नाही, पैशांत मिळेल.

मी त्याला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, "शिकायला या वयात?" मी म्हटलं, मी तर दर सहा महिन्यांनी शिकते, नाहीतर नोकरी जाईल. हसला. म्हणाला, "मग चिंचेपासून सुरू करू. तिची वरची फांदी मला ठाऊक आहे."

तो आत्ता मागे पंगतीची व्यवस्था बघतोय. जेवताना त्याला गाठा आणि तुमच्या अंगणातल्या झाडाबद्दल विचारा. मात्र 'पाडायचे किती घेशील' असं विचारू नका. 'राखायचे किती घेशील' असं विचारा.