ठोकळे जुळविणारे हात



मुंबईच्या धारावीत सार्वजनिक नळावर पाण्यासाठी रांग लावणे, हे पुष्कळदा घरातील मुलींच्याच वाट्याला येणारे काम. त्यात अभ्यासाचा वेळ जातो. भांडणे होतात ती निराळीच. चित्रपट-दिग्दर्शक नवनीत रंजन यांनी २०१४ साली तेथे ‘धारावी डायरी’ हा उपक्रम सुरू केला. त्यातील शाळकरी मुलींनी पुढे ‘पाणी’ नावाचे मोबाईल ॲप तयार केले. घरूनच रांगेत क्रमांक लावावा आणि पाळी येताच सूचना मिळावी, अशी त्याची योजना. स्त्रियांच्या सुरक्षेसाठी ‘वुमेन फाईट बॅक’ हे ॲपही त्यांनी रचले. या मुली काही संगणक अभियंत्या नव्हत्या. त्यांच्या हाती ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन होते.

या साधनात संगणकाची भाषा टंकित करावी लागत नाही. पडद्यावर रंगीत ठोकळे असतात. गणिताचे निळे, तर्काचे हिरवे. ‘हे बटण दाबले की’ या ठोकळ्याच्या पोटात ‘हा आवाज वाजव’ हा ठोकळा बसविला, की आज्ञा पूर्ण झाली. जेथे ‘होय’ किंवा ‘नाही’ असेच उत्तर हवे, तेथे संख्येचा ठोकळा बसतच नाही. स्वल्पविराम वा कंस चुकल्यामुळे नवशिक्याची जी त्रेधा उडते, ती येथे टळते. आणि रचलेले तत्काळ स्वतःच्या फोनवर चालवून पाहता येते.

या कल्पनेचे मूळ जुने आहे. मुलाने संगणकाच्या आज्ञा पाळू नयेत, त्यालाच आज्ञा द्याव्यात, या विचाराने सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली ‘लोगो’ ही भाषा निर्माण केली. त्याच परंपरेतील एमआयटीचे प्राध्यापक हॅल ॲबेल्सन यांच्या पुढाकाराने गूगलने २०१० साली ॲप इन्व्हेंटर लोकांपुढे आणले. पुढच्याच वर्षाअखेर गूगलने ते बंद केले! परंतु त्याची मूळ संहिता मुक्त करण्यात आली आणि मार्च २०१२ मध्ये एमआयटीने ते पुन्हा सर्वांना खुले केले. एका कंपनीच्या मर्जीवर विसंबलेले साधन एरवी तेथेच संपले असते.

मात्र ठोकळे विचार करीत नाहीत. पाणी मध्येच गेले तर क्रमांक कोणाचा? ज्या घरी फोनच नाही, त्यांनी काय करावे? ही उत्तरे रांगेत उभे राहिलेल्यालाच सुचतात, आणि ठोकळे जुळविण्यापूर्वी कागदावर मांडावी लागतात. फार मोठ्या, गुंतागुंतीच्या कामाला हे साधन अपुरे पडते, हेही खरे.

घरी संगणक, इंटरनेट आणि अँड्रॉइड फोन असेल, तर सुट्टीत मुलांना याचा परिचय करून देता येईल. वडील स्वतः अभियंते असतील, तर त्यांनी थोडे दूरच बसावे. मूल अडले की ठोकळा उचलून देण्याचा मोह आवरावा आणि ‘तुला नेमके काय घडायला हवे आहे?’ एवढेच विचारावे.