मशिन आधी की चूल आधी?

आम्ही तेरच्या बचत गटातल्या चौघीजणी, गोरोबा काकांच्या गावातून तुमच्याशी बोलतोय. आज बोलायचंय ते घरातली हवा साफ करणाऱ्या मशिनबद्दल. तुम्ही म्हणाल, हे शहरातलं खूळ आपल्याकडं कुठून आलं? आमच्या गटात ते कर्जाच्या अर्जातून आलं.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्यातल्या एकीनं नऊ हजार रुपये मागितले. तिचा सहा वर्षांचा मुलगा दम्याचा आहे. सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की लेकराची रात्र बसून जाते. सुट्टीत तो पुण्याला चुलत्याकडं आठ दिवस राहिला, तिथं एकदाही धाप लागली नाही. चुलत्याच्या घरात ते मशिन आहे. आईला वाटलं, हेच आपलं औषध.

गटात दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, लेकरासाठी मागतीय, त्यात विचारायचं काय? दुसऱ्या म्हणाल्या, मशिनचा उपयोग झाला नाही तरी हप्ता तर भरावाच लागणार. ती चिडली आणि उठून गेली. तिचं चिडणं आम्हाला चुकीचं वाटलं नाही. शेवटी ठरलं की पंधरा दिवस थांबायचं आणि तेवढ्यात माहिती काढायची. आम्ही आशाताईंशी बोललो, दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं आणि धाराशिवला दुकानात जाऊन मशिनची झाकणं उघडून बघितली.

आत फार काही नसतं. एक पंखा आणि त्याच्यापुढं चाळण्या. पहिली जाळी आपल्या गव्हाच्या चाळणीसारखी, ती केस, कापूस, जाड धूळ अडवते. दुसरी घड्या घातलेल्या कागदासारखी दिसते, तिला हेपा म्हणतात. ती मैद्याच्या चाळणीहूनही कितीतरी बारीक, धुरातले कण तिच्यात अडकतात. काहींत तिसरा थर कोळशाचा असतो, तो वास आणि थोडाफार वायू शोषतो. म्हणजे खरा भार हेपावर. ज्यात नुसती जाळी आहे ते मशिन दम्याच्या घरी काही कामाचं नाही, मग त्यावर कितीही दिवे लुकलुकू देत.

आता हवेचा आकडा. बातम्यांत पीएम २.५ असं ऐकतो, ते म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. आपला केस पन्नास-साठ मायक्रॉन जाड असतो, त्यावरून ताडा. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात. आपल्या देशाची मर्यादा दिवसाला एका घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम अशी आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली ती १५ वर आणली.

मोबाइलवर गावाचा आकडा बघता येतो, आम्हीही बघितला. पण तो पुष्कळदा लांबच्या शहरातल्या केंद्रावरून किंवा अंदाजानं काढलेला असतो. आपल्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते त्याला दिसत नाही. बंद खोलीत चूल पेटली की हा आकडा कित्येक शेकड्यांवर जातो. घरातल्या धुरामुळं २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली, असं हीच संघटना सांगते. त्यात आपल्यासारख्या चुलीपुढं बसणाऱ्या बाया आणि काखेतली लेकरं आली.

म्हणून आम्ही एक काम केलं. तिच्याच घरी एक दिवस बसून वहीत लिहीत गेलो, धूर आणि धूळ कधी कुठून येते ते. पहाटे पाच वाजता अंघोळीच्या पाण्याची चूल. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅसच्या टाक्या घरोघर आल्या, पण पाणी अजून तुराट्यांवरच तापतं, कारण टाकी पुरवायची असते. ती चूल मुलाच्या झोपायच्या खोलीला लागून होती. सात वाजता अंगण झाडलं, सगळी धूळ उंबऱ्यातून आत. दुपारी शेजारी कुणीतरी प्लास्टिकसकट कचरा पेटवला. संध्याकाळी धूप. रात्री मुलाच्या उशाशी मच्छर कॉइल. या कॉइलबद्दल वाचून आम्हीच दचकलो. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात, असं शास्त्रज्ञांनी मोजून काढलंय. आपण दार लावून रात्रभर लेकराशेजारी ती जाळतो.

मग पुण्याचं कोडं सुटल्यासारखं झालं. चुलत्याच्या घरी चूल नाही, कॉइल नाही, अंगण नाही, रास नाही. मशिननंही मदत केली असेल, पण सगळं श्रेय एकट्या मशिनला गेलं.

आमच्याकडं दुसरी अडचण घराची. पत्र्याच्या घरात भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट असते. माळवदाला झरोका असतो, आणि तो असायलाच पाहिजे. उन्हाळ्यात कूलर बाहेरची हवा सारखी आत ओढतो. अशा घरात मशिन म्हणजे गळक्या रांजणात पाणी भरणं. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कोळशाच्या शेगडीतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा बिनवासाचा विषारी वायू निघतो, तो हे मशिन पकडत नाही. थंडीत शेगडी घेऊन दार लावून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. मशिन आहे म्हणून ते धाडस करू नका.

तरीही काही घरांत मशिन घेणं शहाणपणाचं आहे. स्लॅबचं घर आहे, एक खोली नीट बंद होते, आजारी माणूस तिथंच झोपतं आणि घरातला धूर आधी कमी केलाय, तर जरूर घ्या. आपल्या लेकीसुना मुंबई-पुण्याला रस्त्याकडेच्या फ्लॅटमध्ये राहतात, त्यांनाही हे सांगा. खोकं बघताना सीएडीआर हा आकडा शोधा, म्हणजे मशिन तासाला किती साफ हवा देतं तो. खोली दहा बाय बाराची, उंची दहा फूट, तर १२०० घनफूट झाले. त्याला ३५ नं भागा, साधारण ३४ घनमीटर. तासाला पाच वेळा खोलीतली हवा साफ व्हावी म्हणून पाचनं गुणा, १७०. एवढा तरी आकडा पाहिजे. दुकानदार हॉलसाठी आहे, बेडरूमसाठी आहे असं सांगतो, त्यापेक्षा हा हिशेब बरा. ओझोन सोडणारं मशिन तर घेऊच नका, दमेकऱ्याला ओझोननं त्रास वाढतो. नवीन हेपा केवढ्याला मिळतो आणि कुठं मिळतो, हे पैसे द्यायच्या आधी विचारा. तो सहा महिन्यांनी-वर्षानं बदलावा लागतो, धुतला की वाया जातो. आम्ही विचारलं तेव्हा दुकानातल्या पोराला सांगता आलं नाही. आणि रात्री वीज गेली की मशिन बंद, हेही धरून चाला.

तर तिच्या घरी आम्ही आधी काय केलं ते सांगतो. पाण्याची चूल परसात छपराखाली नेली. लगेच शेजारीण भांडायला आली, धूर तिच्या खिडकीत जात होता. मग चूल आणखी दहा पावलं हलवली, ओल्या तुराट्या जाळायच्या बंद केल्या. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. अंगणात आधी पाण्याचा सडा आणि मगच केरसुणी, घरात ओलं फडकं. राशीच्या वेळी मुलाला वाऱ्याच्या खालच्या अंगाला थांबू द्यायचं नाही. मळणी यंत्रावर जाणाऱ्या बायांनी एन-९५ मास्क घेतले, कारण पदर बांधून जाड धूळ अडते, बारीक अडत नाही. गल्लीत कचरा पेटवण्यावरून मात्र अजून वाद चालू आहे, आम्हाला त्यात यश आलेलं नाही.

डॉक्टरांनी मुलाच्या आईला एक गोष्ट बजावून सांगितली. ओढायच्या औषधाचा पंप बंद करायचा नाही. पंपाची सवय लागते म्हणून सासूबाई मधेच तो लपवून ठेवायच्या. आता सासूबाईच आठवण करतात.

ज्वारी-हरभऱ्याच्या मळणीत मुलाला दोन रात्री धाप लागली. मागच्या वर्षी आठवडाभर लागली होती. पण खरी परीक्षा सोयाबीनच्या राशीची, ते तिलाही माहीत आहे आणि आम्हालाही. तेव्हा गरज पडली तर आतली खोली बंद करून घेऊ, पत्र्याची फट बुजवू आणि मशिन आणू, असं ती म्हणते. तिचा नऊ हजारांचा अर्ज आम्ही वहीतून खोडलेला नाही.