फोटो हुकतो कुठे?



मी फौजेत होतो हे कळलं आणि हातात कॅमेरा दिसला, की लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला, "साहेब, कॅमेरा कुठला घेऊ?" आणि दुसरा, "फोटो काढायला जायचं कुठे?"

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर कुणाला आवडत नाही. मी म्हणतो, आहे तोच घेऊन चला. इतक्या वर्षांत माझे जे फोटो हुकले, त्यांत कॅमेऱ्यानं दगा दिला असा एखादाच. बाकीचे हुकले ते बॅटरी, ट्रायपॉडची प्लेट, फिल्टर, पट्टा, कार्ड अशा किरकोळ वस्तूंमुळे. आणि खरं सांगायचं तर वस्तूंमुळेही नाही. मी त्या तपासल्या नव्हत्या, म्हणून.

आज दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्रच देतो. तीन जागा सांगतो: लडाख, कच्छ आणि मेघालय. तिन्हीकडे डोळ्यांचं पारणं फिटतं. पण प्रत्येक जागेचा कॅमेऱ्याच्या सामानावर वेगळा हल्ला असतो. लडाखमध्ये थंडी, कच्छमध्ये मीठ आणि मेघालयात पाणी.

लडाखपासून सुरुवात करू. लेह साधारण साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस कॅमेरा बॅगेतच राहू द्या आणि स्वतः पडून राहा. ही फौजी सक्ती समजा. हवा विरळ आहे, शरीराला वेळ लागतो. मग लामायुरूला जा. जुन्या तळ्याच्या गाळाचे ते पिवळट डोंगर भर दुपारी सपाट दिसतात, पण संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की एकेक घडी उठून येते. पँगाँगला सकाळी लवकर पोचा, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि पाण्यातलं प्रतिबिंब मोडतं.

इथे पहिली कुरबुर करते ती बॅटरी. रात्री पूर्ण चार्ज केलेली बॅटरी पहाटे दहा-वीस फोटोंत मान टाकते, आणि आपण म्हणतो बॅटरी खराब निघाली. ती खराब नसते. थंडीत तिच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, अंतर्गत रोध वाढतो आणि कॅमेऱ्याला वाटतं, संपली. तीच बॅटरी खिशात गरम केली की पुन्हा जिवंत होते. म्हणून माझा नियम तीन बॅटऱ्यांचा. एक कॅमेऱ्यात, दोन शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. भरलेल्या बॅटरीला रबरबँड लावायचा आणि वापरून झाली की काढायचा, म्हणजे अंधारातही बोटांना कळतं. त्या खिशात किल्ल्या किंवा सुट्टे पैसे ठेवायचे नाहीत, शॉर्ट होईल. आणि पारा शून्याखाली असेल तर बॅटरी चार्जिंगला लावायची नाही. ती कायमची बिघडते. आधी खोलीत आणून गरम होऊ द्या. विमानात जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

दुसरी कुरबुर दवाची. बाहेर गारठलेला कॅमेरा थेट उबदार खोलीत आणला, की चष्म्यासारखा धुकटतो, लेन्सच्या आतूनसुद्धा. बाहेर असतानाच कार्ड काढून घ्या, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि मगच आत आणा. तासाभरानं उघडा. दव पिशवीवर जमतं, कॅमेऱ्यावर नाही.

आणि फिल्टर. आकाश गडद करायला आपण पोलरायझर लावतो. इतक्या उंचीवर आकाश मुळातच गडद असतं. त्यावर पोलरायझर पूर्ण फिरवलात तर ते काळपट होतं, आणि रुंद लेन्सवर अर्धं काळं, अर्धं निळं दिसतं. तिथे तो अर्धाच फिरवा किंवा काढूनच टाका.

आता हानले. जवळजवळ साडेचार हजार मीटरवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे आणि दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्रा दुर्बीण. ती चालवतात बंगळूरुजवळच्या होसकोटेहून. २०२२ साली तिथला हजारभर चौरस किलोमीटरचा परिसर 'डार्क स्काय रिझर्व्ह' झाला, म्हणजे रात्रीचा अंधार जपायचा प्रदेश. शहरात वाढलेल्या माणसानं आकाशगंगा एकदा तरी तिथून पाहावी.

मी तिथे पोचलो, रात्री अकरा वाजता ट्रायपॉड उभा केला आणि पाहतो तर काय, वरची प्लेटच नाही! ती घरी राहिलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याला लावलेली होती. सहा किलो सामान एवढ्या लांब वाहून आणलेलं आणि तळहाताएवढा तुकडा घरी. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाईंनी माझी धडपड पाहिली आणि आतून भाजलेल्या जवाच्या पिठाची पिशवी आणून दिली. ती दगडावर ठेवली, तिच्यात कॅमेरा रुतवून बसवला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि वीस सेकंदांचा फोटो घेतला. फोटो उत्तम आला. पण दिशा पिठानं ठरवली, मी नाही. तेव्हापासून प्लेट ट्रायपॉडवरच राहते आणि एक जादा प्लेट बॅगेच्या तळाशी शिवलेल्या कप्प्यात. तिचा पाव इंची स्क्रू नाण्यानंही फिरवता येईल असा घ्या.

रात्रीच्या फोटोसाठी आणखी दोन गोष्टी. एखाद्या ठळक ताऱ्यावर, पडद्यावर तो मोठा करून, हातानं फोकस करा आणि लेन्सची कडी चिकटपट्टीनं पक्की करा. अंधारात धक्का लागतोच. आणि टॉर्च लाल लावा, म्हणजे स्वतःचे आणि शेजाऱ्याचे डोळे दिपत नाहीत.

लडाख सोडण्यापूर्वी एक हात जोडून विनंती. पूल, चौक्या, फौजेच्या गाड्यांचा ताफा आणि लेहचा विमानतळ यांचे फोटो काढू नका. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. तुम्हाला तो देखणा पूल वाटतो, दुसऱ्या कुणाला ती माहिती वाटते.

आता कच्छ. फौजेच्या भाषेत मोर्चा एकदम उत्तरेकडून पश्चिमेला. पावसाळ्यात मोठ्या रणात पाणी भरतं, ते हिवाळ्यात आटतं आणि मागे मीठ उरतं. धोरडोचं पांढरं रण बहुतेकांना माहीत असतं. पण मी म्हणेन, सुमारे ४६० मीटर उंचीच्या काळा डुंगरावरून संध्याकाळचं रण पाहा. खावडाहून धोलावीराला जाणारा रस्ता पाहा, दोन्ही बाजूंना पांढरं आणि मध्ये काळी रेघ. आणि धोलावीरा पाहा. हडप्पा काळातलं ते शहर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आलं. तिथल्या पाण्याच्या प्रचंड टाक्यांचे फोटो सकाळच्या सावलीत काढा. अशा संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, हे लक्षात असू द्या.

मीठ पांढरं असतं, त्यामुळे कॅमेरा फसतो आणि फोटो राखाडी करतो. एक ते दीड स्टॉप वाढवा. बर्फातही हेच. हे सोपं आहे. कठीण आहे ते मिठाला सामानापासून दूर ठेवणं. मी एकदा ओल्या मिठाच्या चिखलात ट्रायपॉड रोवला, संध्याकाळी फडक्यानं पुसला आणि गुंडाळून ठेवला. दोन दिवसांनी छोट्या रणात पोचलो. समोर घुडखरांचा कळप, मागे सूर्य, आणि माझ्या ट्रायपॉडचा एक पाय उघडेना. मीठ सांध्यात जमून घट्ट बसलं होतं. पाय उघडेपर्यंत कळप क्षितिजावर गेला. पुसून भागत नाही. त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवायचा, पाय पूर्ण उघडून वाळवायचा.

फिल्टर अडकला तर जोर लावून दाबू नका. दाबल्यानं कडी वाकते आणि आणखी घट्ट होते. कडीभोवती रुंद रबरबँड गुंडाळा किंवा भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला, आणि हलक्या हातानं सगळीकडून सारखं धरून फिरवा. लेन्स बदलायची तर गाडीत, काचा वर करून, पंखा बंद करून. धूळ बसली तर आधी रबरी पंपानं उडवा, मगच कापड लावा. तोंडानं फुंकलं की थुंकी उडते. कोरडं पुसलं की मिठाचा कण काचेवर ओरखडा काढतो.

तिसरी जागा मेघालय. सोहरा, म्हणजे चेरापुंजी, आणि शेजारचं मौसिनराम. मौसिनरामचा वर्षाचा सरासरी पाऊस जवळजवळ बारा हजार मिलिमीटर. ढग पाहायचे असतील तर पावसाळ्यात जा, धबधबे भरलेले आणि दऱ्या स्पष्ट हव्या असतील तर ऑक्टोबरात. नोंगरियाटचा दुमजली पूल जरूर पाहा. खासी लोक रबराच्या झाडाची मुळं वर्षानुवर्षं वळवत हे जिवंत पूल वाढवतात. खाली उतरायला तीन हजारांहून जास्त पायऱ्या आहेत आणि त्या परत चढायच्याही असतात. जड ट्रायपॉड वरच ठेवा.

तिथले शेतकरी पाठीवर बांबू आणि पानांचं 'क्नुप' घेऊन शेतात वाकलेले दिसतात. कोकणातलं इरलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते पाहताच घर आठवेल. मात्र विचारल्याशिवाय कॅमेरा रोखू नका.

पाण्यावरचा उपाय स्वस्त आहे. हॉटेलात अंघोळीसाठी मिळणारी प्लास्टिकची टोपी कॅमेऱ्यावर अगदी बेतल्यासारखी बसते. पट्टा निघण्यापूर्वी ओढून पाहा. बकलातून बाहेर आलेलं टोक आत खोचलेलं नसेल तर भिजल्यावर ते सरकतं. आणि परतल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये किंवा कपाटात ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि लेन्सवर बुरशी चढते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. दाण्यांचा रंग पालटला की पुडी बदला.

आता शेवटची वस्तू, मेमरी कार्ड. बऱ्याच कॅमेऱ्यांत एक सेटिंग असतं. कार्ड नसतानाही शटर चालतं, आवाज येतो, आणि फोटो कुठेच साठत नाही. ते सेटिंग आजच बंद करा. हे मी एवढं निक्षून का सांगतो, ते ऐका.

१९८०च्या दशकाच्या शेवटी मी लडाखमध्ये एका चौकीवर होतो. आम्ही सगळे मिळून बाराजण. उतरायचे दिवस जवळ आले तेव्हा ठरलं, प्रत्येकाचा घरी पाठवायला एक फोटो काढायचा. जवानांनी आदल्या दिवशी बर्फ वितळवून दाढ्या केल्या. साताऱ्याकडचा एक नाईक होता. त्याला मुलगी झालेली पत्रानं कळली होती, त्यानं तिला पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "साहेब, माझा जरा हसताना काढा. पोरगी घाबरायला नको."

रोल मी घाईत बसवला, जाड मोजे घालून. रोलचं टोक चक्राच्या फटीत नीट अडकलंच नव्हतं. मी खटका ओढत होतो, आकडा पुढे सरकत होता, आणि फिल्म जागची हलत नव्हती. हे ओळखायची खूण सोपी होती. फिल्म पुढे जात असेल तर डावीकडचं बटण आपोआप फिरतं. दहा सेकंद त्या बटणाकडे पाहिलं असतं तरी कळलं असतं. मी नाही पाहिलं.

खाली आल्यावर रोल धुवायला दिला. दुकानदार म्हणाला, "साहेब, रोल कोरा आहे." तोवर पोरं पांगली होती. मी सगळ्यांना पत्रं लिहिली की दुकानदारानं रोल खराब केला. अधिकाऱ्याला आपली चूक जवानांपुढे कबूल करवली नाही, एवढंच त्याचं कारण.

काही वर्षांपूर्वी एका बाईंचा फोन आला. त्या नाईकाची मुलगी. वडील गेले म्हणून कळवत होती. म्हणाली, "काका, बाबा सांगायचे, बर्फात फोटो काढला होता पण दुकानदारानं रोल घालवला. त्यातला एखादा वाचला असेल का हो? त्या वयातला त्यांचा फोटोच नाही आमच्याकडे."

मी तिला खरं सांगितलं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्या दुकानदाराचा काही दोष नव्हता. बाबा त्याला शेवटपर्यंत शिव्या द्यायचे." आम्ही दोघंही हसलो. फोन ठेवला आणि मी बराच वेळ तसाच बसून राहिलो.

म्हणून माझं सांगणं एवढंच. निघायच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर सगळं सामान पलंगावर मांडा. बॅटरी कॅमेऱ्यात घालून पाहा. प्लेट ट्रायपॉडला लावून पाहा. फिल्टर फिरवून पाहा. पट्टा ओढून पाहा. आणि कार्ड घालून एक फोटो काढा, तो पडद्यावर उघडून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे. तो पहिला फोटो घरातल्या माणसाचाच काढा. आणि वाटेत ज्यांचे काढाल, त्यांचा पत्ता लिहून घ्या आणि फोटो त्यांना पोचता करा.

जय हिंद.