पहिल्या खताचा धनी

(सत्यशोधक मंडळींच्या सभेंत एका खेड्यांतील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



घराण्याचा इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांचा, अशी आपली समजूत करून देण्यांत आली आहे. नांगर धरणाऱ्याच्या घराण्याला इतिहास नसतो काय? असतो, पण तो कागदांत असतो, आणि कागद आपण दुसऱ्याच्या डोळ्यांनीं वाचतों. म्हणून आज अमेरिकेंतील एका शेतकऱ्याच्या घराची हकीकत सांगतों.

डॅनियल फ्रीमन हा १८२६ सालीं ओहायो प्रांतांत जन्मला. १८६१ पासून १८६५ पर्यंत तिकडे उत्तर व दक्षिण यांचें युद्ध झालें. दक्षिणेस गुलामगिरी राखावयाची होती. फ्रीमन उत्तरेच्या बाजूचा शिपाई. त्या धामधुमींतच २० मे १८६२ रोजीं अध्यक्ष लिंकन यांनीं होमस्टेडच्या कायद्यावर सही केली. पांच वर्षें राहा, घर बांधा, जमीन कसा. म्हणजे १६० एकर तुमचे! विधवा व अविवाहित बाईसही तो हक्क होता.

कायदा १ जानेवारी १८६३ रोजीं अमलांत आला. त्याच दिवशीं लिंकननीं बंडखोर प्रांतांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या त्या देशांतील लोकांसच जोतीरावांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ अर्पण केला, हें आपण जाणतां.

फ्रीमननें त्याच पहिल्या दिवशीं नेब्रास्कांतील ब्राउनव्हिल कचेरींत अर्ज दिला. पलटणींत परतण्याची घाई, म्हणून त्यानें मध्यरात्रींच कचेरी उघडविली, असें सांगतात. १८६५ त त्याचें ॲग्नेस सूटर हिच्याशीं लग्न झालें. पांच वर्षांच्या मेहनतीचा दाखला दप्तरांत आहे: १४ फूट रुंद, २० फूट लांब घर, ३५ एकर वहितीची जमीन, १०० फूट लांब मेंढवाडा, ४० सफरचंदाचीं व सुमारें ४०० पीचचीं झाडें. १८६९ सालीं खत हातीं आलें. घराण्याचा इतिहास म्हणतात तो हाच!

पण दुसरी बाजू झांकूं नये. ती जमीन ओसाड पडलेली नव्हती. तो मुलूख ओटो व मिसूरिया लोकांचा. १८५४ च्या करारानें बहुतेक प्रदेश त्यांच्याकडून गेला, आणि १८८१ त उरल्यासुरल्यांसही तेथून हलविण्यांत आलें. एकाचें खत झालें, तेव्हां दुसऱ्याचें घर गेलें. न्याय मागणाऱ्यानें हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां मुख्य गोष्ट. फ्रीमनच्या शेताजवळ गांवची शाळा होती. तेथें शिक्षिका रोज बायबल वाची, प्रार्थना करवी, भजनें म्हणवी. १८९९ सालीं सत्तरी उलटलेल्या ह्या म्हाताऱ्यानें हरकत घेतली. शाळेच्या पंचांनीं ऐकलें नाहीं. खालच्या न्यायालयानेंही ऐकलें नाहीं. तो थांबला नाहीं. १९०२ सालीं नेब्रास्काच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला कीं, सर्वांच्या करावर चालणाऱ्या शाळेंत एका पंथाची उपासना चालवितां येणार नाहीं. पुस्तक नुसतें वाचण्यास बंदी नाहीं, पण पंथाची शिकवण नको, असा खुलासा १९०३ त झाला. १९०८ सालीं फ्रीमन वारला. त्याची व ॲग्नेसची समाधि त्याच शेतांत आहे.

शेत मिळालें, पोट भरलें. मग हा खटाटोप कशाला? कारण त्यास कळलें होतें कीं, जमीन आपली आणि मुलाचें डोकें दुसऱ्याचें, हा व्यवहार तोट्याचा. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें शेतकऱ्यांच्या मुलांचें शिक्षण मागितलें, आणि १८८३ त ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेत व शाळा त्यांनीं एकाच दाव्याला बांधलीं, तीं उगीच नव्हेत.

मी स्वतः मास्तर आहें, म्हणून स्पष्ट सांगतों: शाळा मास्तराची नव्हे, पंचांची नव्हे, जो कर भरतो त्याची आहे. आपल्या मुलास तेथें काय शिकवितात, हें विचारावयास या. डोक्यावर मुंडासें असो कीं हातांत हातोडा, लाजूं नका. आणि घरीं गेल्यावर पेटींतील जुनीं खतें, फेरफार, आजापणजाच्या पलटणीचे कागद काढा व मुलीकडून, मुलाकडून मोठ्यानें वाचवून घ्या. ज्या घरांत आपला कागद आपण वाचतात, त्या घरास फसविणें कठीण जातें.